दारावरचे पुसलेले हात

गावाचं नाव मी लिहिणार नाही. गाव चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, आणि जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता. जर्मनीच्या पश्चिमेला, फाल्त्स प्रांतातले द्राक्षमळे संपून जिथं नुसत्या जंगलाच्या टेकड्या सुरू होतात तिथं ते आहे, एवढं पुरे.

मी कमी बोलणारा माणूस. ऑफिसात मला ‘शांत’ म्हणतात, घरी बायको ‘घुम्या’ म्हणते. या स्वभावाचा मला आजवर फायदाच झालेला आहे. न बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात, आणि मीही ते खोडून काढण्यासाठी कधी तोंड उघडलं नाही. आता उघडतो.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप झाला त्या वर्षीची गोष्ट. तीन ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी मंगळवारी आली होती. अशा वेळी मधला सोमवारही बहुतेक लोक घेऊन टाकतात. त्याला इथं ‘पुलाचा दिवस’ म्हणतात. आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहतो. नेमक्या त्याच सोमवारी दसरा होता. बायकोच्या, मेधाच्या, कंपनीत सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. तिची आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेली, आणि फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या फ्लॅटची खिडकी बघून कंटाळलेली.

“तुम्ही दोघं जा ना,” मेधा म्हणाली. “उवे बोलावतोच आहे कधीचा.”

जावई आणि सासू, एका गाडीत, पाच तास. मी “हो” म्हणालो. नको असतं तेव्हा मी नेहमी हेच म्हणतो.

शनिवार : उसाचा रस

आई पुढच्या सीटवर, मांडीवर गूळपापडीचा डबा. बऱ्याच गाड्यांवर वर्ल्डकपचे झेंडे अजून फडफडत होते. “इथं रस्त्याला माणूसच दिसत नाही हो, प्रमोदराव,” असं त्या श्टुटगार्टच्या पुढेपर्यंत म्हणत होत्या. द्राक्षमळ्यांत शिरल्यावर माणसं दिसली. रस्त्याच्या कडेला टपरीवर एक शेतकरी काचेच्या कपांतून गढूळ, फेसाळ, पिवळसर रस विकत होता.

आईंनी घोट घेतला. “अगदी आपल्या उसाच्या रसासारखा. जरासा आंबूस. आणखी एक घ्या.”

तो रस नव्हता. ती आंबायला ठेवलेली नवी वाइन होती, निम्मी आंबलेली. मला ठाऊक होतं. पण पहिला कप संपल्यावर सांगून काय उपयोग, आणि दुसरा हातात असताना कसं सांगणार? आईंनी तिसराही घेतला. पुढचा सगळा घाट त्या संस्कृतमध्ये काहीतरी म्हणत होत्या, मग शांत झोपल्या. मेधाने फोनवर विचारलं, “आई बरी आहे ना?” मी म्हणालो, “खूश आहे.” खोटं नव्हतं.

उवे हा माझा ऑफिसातला सहकारी. त्याच्या आत्याचं, हेडविगबाईंचं, या गावात जुनं गास्टहाउस आहे: खाली खानावळ, वर दोन-तीन खोल्या. खानावळ कधीच बंद पडली. खोल्या ओळखीच्यांना देतात. ही इमारत पाडून तिथं वाहनांसाठी गोल वळण, म्हणजे क्राइझेल, करायचं गावाने ठरवत आणलं होतं. जर्मन माणसाला गोल वळणाची जी ओढ असते ती आपल्याला देवळाच्या कळसाचीही नसेल. ते थांबवण्यासाठी उवेने एक फेराइन, म्हणजे रीतसर नोंदलेलं मंडळ, काढलं होतं आणि वास्तू संरक्षित व्हावी म्हणून अर्ज केला होता. सोमवारी पुरातत्त्व खात्याच्या बाई पाहणीला येणार होत्या. पुलाच्या दिवशी कामावर असलेली सरकारी बाई हेच एक आश्चर्य, असं उवे म्हणाला.

इमारतीत बाहेरून बघण्यासारखं काहीच नाही. दर्शनी भागाला कोणे एके काळी बाथरूमच्या फरशा लावलेल्या, खिडक्या प्लॅस्टिकच्या. पण मागच्या बाजूला एक दालन आहे, पूर्वीचा गोठा. त्या दालनात उवे आम्हाला घेऊन गेला.

युद्धानंतर वरच्या टेकडीवर अमेरिकन सैन्याची छावणी होती. सैन्यात काळे आणि गोरे शिपाई वेगवेगळे. पुढे कागदावर एक झाले, तरी संध्याकाळी गावात उतरले की वेगळेच. गोरे शिपाई एकेका गास्टहाउसवाल्याला जाऊन सांगायचे, त्यांना आत घेतलंत तर आम्ही पाऊल ठेवणार नाही. एकेक करून सगळी दारं बंद झाली. हे एक उघडं राहिलं. शनिवारी या गोठ्यात बँड वाजायचा.

“माझी आई संतबिंत नव्हती,” हेडविगबाई मागून म्हणाल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगावर फुलाफुलांचा एप्रन, आवाज खणखणीत. “समोरच्यांनी गोरे घेतले. आम्हाला कोण उरलं? पहिल्या आठवड्यात तिने नाइलाजाने दार उघडलं. नंतर तिला तेच बरे वाटायला लागले. आत येताना पाय पुसायचे. गावातले कधी पुसत नसत.”

“मग गावातले?”

“यायचे बंद झाले. चर्चमध्ये आमच्या बाकावर कोणी बसेना. ऐसपैस बसायचो आम्ही.”

मग उवेने दाराच्या वर बोट केलं. गोठ्याचं दार ते, बुटकं. उंच माणसाला बाहेर पडताना वाकावं लागायचं, आणि वाकताना तो दाराच्या वरच्या पांढऱ्या भिंतीवर तळहात टेकवायचा. नाचून घामेजलेला हात, केसांच्या तेलाचा हात, वर्षानुवर्षं. देवळातल्या दगडी खांबाला हात लागून लागून तेलकट झिलई येते तसे, पण इथं बोटं स्पष्ट दिसत होती. एकावर एक, तपकिरी, कितीतरी तळहात. त्या भिंतीला नंतर कोणी रंग दिला नव्हता. मी बराच वेळ वर बघत राहिलो.

“काय सांगतोय हो तो एवढं?” आईंनी विचारलं.

“इमारत जुनी आहे म्हणतोय.”

एवढंच सांगितलं मी. कारण आईंना रंगाचं फार. माझं लग्न ठरताना त्या म्हणाल्या होत्या, “मुलगा सावळा आहे, पण उलटून बोलणारा नाही.” त्या इथं काहीतरी बोलतील, आणि भाषा कळली नाही तरी चेहरा उवेला कळेल, अशी मला भीती वाटली. हे कारण मी स्वतःला दिलं. दुसरंही आहे. म्युनिकच्या गाडीत पोलीस कागद बघायला येतात तेव्हा डब्यातल्या एखाद्या आफ्रिकन माणसाकडे आणि माझ्याकडेच येतात. अशा वेळी मी ऑफिसचा बॅज चटकन शर्टावर बाहेर काढतो. म्हणजे मी तसला नाही. मग पोलीस त्याच्याकडे वळतात आणि मी खिडकीबाहेर बघतो. हे मी मेधालाही कधी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मी हेडविगबाईंना अगदी सहज म्हणून विचारलं, “त्या काळी मी आलो असतो, तर कुठल्या गास्टहाउसात गेलो असतो?”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्ही? तुम्ही रस्त्यात उभे राहिला असतात. कोण बघतंय ते बघत.”

रविवार : गरम पाणी

हेडविगबाईंच्या परसात झेंडूची रांग होती. गोगलगाई येऊ नयेत म्हणून लावतात. आईंना ती दिसली आणि परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“उद्या दसरा. दाराला तोरण बांधायचं. त्यांना विचारा, फुलं घेऊ का?”

विचारलं. हेडविगबाई म्हणाल्या, हवी तेवढी घ्या. आणि चर्चला गेल्या. मी कॉफी पीत बसलो. थोड्या वेळाने मागच्या दालनातून हाक आली. “अहो, जरा बादली धरायला या.”

पुढच्या दाराला आईंनी हात लावला नव्हता. त्या दाराच्या चौकटीवर जानेवारीतल्या सणाला खडूने लिहिलेली अक्षरं होती. “त्यांच्या देवाचं काहीतरी लिहिलंय, त्याला धक्का नको,” म्हणून त्या विचारपूर्वक मागच्या दाराकडे वळल्या होत्या. आमच्या खोल्यांचा जिना त्या दालनातूनच वर जायचा, तेव्हा ते दार जणू आमचं. आणि आमच्या दाराच्या वर ही एवढी घाण. तोरण बांधायच्या जागी! आई स्टुलावर उभ्या होत्या, पदर खोचलेला, अंगात माझा स्वेटर, हातात घासणी, आणि हेडविगबाईंचा हिरवा मऊ साबण. निम्मी भिंत पांढरीशुभ्र झाली होती.

निम्मी अजून होती. हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. डाव्या बाजूचे हात अजून होते, त्यातला एक तर इतका स्वच्छ की अंगठ्याखालची रेघ दिसत होती.

“आई...”

“काय?”

“काही नाही.”

“मग पाणी बदलून आणा. गार झालंय.”

मी पाणी बदलून आणलं. गरम आणलं. तपकिरी पाणी मोरीत ओतताना मी बघत होतो, आणि परत आलो तेव्हा तो अंगठाही गेला होता. मी आणखी एकदा पाणी बदललं. लग्नाला वीस वर्षं झाली, मी त्या बाईंना एकदाही ‘नको’ म्हणालेलो नाही. आता सुरुवात कुठून करणार?

दुपारी हेडविगबाईंनी वाफवलेल्या गोळ्यांसारखे मऊ पाव केले होते, तळाला खारट, खरपूस खापरी धरलेले, सोबत बटाट्याचं सूप. आई शाकाहारी म्हणून डुकराचे तुकडे त्यांनी स्वतः वेचून काढले होते. चव तेवढी मागे राहिली होती. आईंना सूप फार आवडलं. याबद्दलही मी काही बोललो नाही.

“त्यांनी पाहिलं का मागे? विचारा ना, कसं वाटलं,” आई म्हणाल्या.

मी हेडविगबाईंना म्हणालो, “त्या विचारताहेत, सूप कसं करतात?”

हेडविगबाईंनी सविस्तर सांगितलं. कांदा, गाजर, मरवा, हलक्या हाताने.

“काय म्हणाल्या?”

“खूप आवडलं म्हणाल्या.”

आई लाजल्या. “त्यात काय एवढं. घरच्यासारखंच समजून केलं.”

मी हेडविगबाईंना सांगितलं की आईंकडेही असंच सूप करतात. दोघी एकमेकींकडे बघून प्रसन्न हसल्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी भाषांतर.

मग कॉफीच्या वेळेला उवे आला आणि मागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला रंग नव्हता. आम्ही सगळे मागे गेलो. आईही आल्या, कौतुक ऐकायला.

उवे आपल्या आत्याकडे वळला आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “टांटे हेडविग, तू इथं साफसफाई केलीस का?”

“मी? नाही.”

“पाहुणे येणार म्हणून? आठव जरा.”

“मी नाही...” त्या भिंतीकडे बघत राहिल्या. “मी केली असेल का?”

उवे माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, “गेल्या महिन्यात इस्त्री फ्रिजमध्ये ठेवली होती. एकटं ठेवणं आता बरोबर नाही. सोमवारचं आटपलं की हाइमबद्दल बोलायलाच हवं. तुला पण वाटतं ना तसं?”

हाइम म्हणजे म्हाताऱ्यांची राहण्याची जागा. इमारत एकीकडे गेली की आत्या दुसरीकडे.

मी मान हलवली. होकारार्थी.

“काय झालं हो?” आई म्हणाल्या. “रडकुंडीला का आल्यात त्या?”

“भारावल्या आहेत.”

संध्याकाळी आम्ही हेडविगबाईंबरोबर ब्रेड-चीज खात होतो. दोन-तीनदा त्यांनी तळहात नाकाशी नेला. मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्या साबणाचा वास येतोय का ते बघत होत्या.

सोमवार : कोको

सकाळी उवे फोटो, टेप आणि कोकोचा डबा घेऊन आला. अर्जासोबत जोडलेले फोटो होते; त्यांवरून हात पुन्हा उमटवायचे. घरी त्याने पुठ्ठ्यावर कॉफी, बुटाचं पॉलिश आणि जवसाच्या तेलात कालवलेला कोको असे तिन्ही प्रयोग करून पाहिले होते. कोको जिंकला होता. खोटेपणासुद्धा हा माणूस मोजमापाने करत होता.

“उमटव मग,” मी म्हणालो.

“मी फेराइनचा सचिव आहे. आमच्या नियमांत हे बसत नाही. तू सभासद नाहीस.” तो माझ्या हाताकडे बघून घुटमळला. “शिवाय...”

“शिवाय काय?”

“काही नाही.” कानापर्यंत लाल झाला.

“तळहात सगळ्यांचे सारखेच असतात, उवे.”

“गेनाऊ,” तो घाईघाईने म्हणाला. अगदी बरोबर.

माझी उंची बेताची. बिअरचा रिकामा क्रेट उलटा ठेवून मी त्यावर चढलो, दोन्ही हात मनगटापर्यंत कोकोत. मला वाटत होतं, हे जमलं तर सगळं जागेवर येईल. हात परत येतील, हेडविगबाई शहाण्या ठरतील, आईंना काही कळायचं नाही, आणि मला बोलावं लागणार नाही. मी उजवा तळहात भिंतीवर दाबला. चॉकलेटच्या केकसारखा वास आला. ठसा छान उमटला. लहान होता, एवढंच.

बाहेर गाडीचं दार वाजलं. बाई वेळेआधी आल्या होत्या. उवेने कोकोचा डबा कोटाच्या खिशात कोंबला. एका दाराने हेडविगबाई त्या बाईंना घेऊन आत आल्या. जिन्यावरून आई उतरल्या: नवी साडी, स्वेटर, स्पोर्ट्स शूज, दोन्ही हातांवर झेंडूचं तोरण. त्यांनी वर बघितलं.

“अहो प्रमोदराव! काल मरमर घासून लख्ख केलं मी ते, तुम्हीच पाणी आणून देत होतात ना? आणि आज त्यावर हे बरबटलेले हात? तोरण कुठं बांधू आता, तुमच्या डोक्यावर?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाहणीच्या बाई चाळिशीच्या, चष्म्याच्या, सौम्य. त्यांनी विचारलं, “या काय म्हणताहेत?”

“सणाच्या शुभेच्छा देताहेत,” उवे म्हणाला. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही.

बाई माझ्याकडेच बघत होत्या. हेडविगबाईंनी तळहात एप्रनला घट्ट दाबून धरले होते. मी क्रेटवर उभा होतो, आणि जे आई बोलल्या होत्या ते मी शब्दाला शब्द जर्मनमध्ये सांगितलं. डोक्यावर तोरण बांधण्यापर्यंत सगळं.

“काल? यांनी?” उवे म्हणाला.

“यांनी घासलं. पाणी मी बदलत होतो. ते हात कोणाचे होते हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. मी त्यांना सांगितलंच नाही. आणि हा हात माझा आहे. आत्ताचा. कोको. हेडविगबाईंनी काहीही केलेलं नाही.”

“परत सांगा,” हेडविगबाई म्हणाल्या. “मोठ्याने.”

मी परत सांगितलं.

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, “उवे, फ्रिजमध्ये इस्त्री नव्हती. लोण्याचं भांडं होतं. आणि ते फ्रिजमध्येच ठेवतात.”

“काय चाललंय काय? मला कोणी सांगेल का?” आई म्हणाल्या.

मी क्रेटवरून उतरलो आणि त्यांना सगळं सांगितलं. छावणी, बंद दारं, हा गोठा, ते हात, हेडविगबाई, हाइम, सूप. नव्या वाइनचंही सांगून टाकलं, ओघात आलं म्हणून. आई तोरण धरून ऐकत होत्या.

“मेधा सासरी निघाली तेव्हाचे हळदीचे हात माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी अजून आहेत,” त्या म्हणाल्या. “रंगारी आला की तेवढी जागा सोडायला लावते त्याला. आणि मी दुसऱ्यांच्या पोरांचे हात पुसले? सांगितलं का नाहीत?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“खोटं.”

“तुम्ही त्यांच्या रंगावरून काहीतरी बोलाल म्हणून.”

“बोललेही असते,” त्या म्हणाल्या. “पण पुसलं नसतं.”

मग त्या हेडविगबाईंच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि या वेळी कोणी मला मध्ये बोलावलं नाही. हेडविगबाईंनी झेंडूचा वास घेतला. तोरण आईंच्या हातातून त्यांच्या हातात गेलं.

पाहणीच्या बाईंनी एवढ्या वेळात भिंत, दार, उंबरा, छत सगळं पाहून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, “पुरावा फक्त डागांत नसतो. दार आहे, गोठा आहे, आणि सांगणाऱ्या बाई शाबूत आहेत. या क्षणापासून हे दालन तात्पुरतं संरक्षित. काहीही बदलायचं नाही, काढायचं नाही, पुसायचं नाही.”

“म्हणजे हा...?” उवेने माझ्या हाताकडे बोट केलं.

“पाहणीच्या वेळी होता. म्हणजे राहील.”

“पण तो खोटा आहे!”

“तसं लिहू,” त्या म्हणाल्या, आणि सवयीने माझ्याशी हस्तांदोलन करून बसल्या. मग रुमाल शोधू लागल्या. तोरणाचं त्यांना विचारलं. नवीन खिळा चालणार नाही, जुना असेल तर हरकत नाही. जुना होता.

त्यानंतर

क्राइझेल आता गावाच्या दुसऱ्या टोकाला झालं आहे. उवे माझ्याशी महिनाभर फक्त कामापुरतं बोलला, मग हळूहळू बोलायला लागला. मेधाला गाडीतल्या बॅजचंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, तेव्हा समोरच्याचं गप्प राहणं कसं असतं ते मला कळलं.

उवे म्हणतो, आता शाळेच्या सहली येतात तिथं. दाराच्या वर काचेखाली माझा हात आहे, बाजूला छोटी पाटी: कोको, अस्सल नाही. हेडविगबाई रोज त्याची गोष्ट सांगतात, बादलीसकट, आणि मुलं खो खो हसतात. मग एखादं मूल विचारतं, खरे हात कुठं आहेत? हेडविगबाई त्यांना काचेच्या वरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघायला लावतात. मुलं माना वर करून बघतात आणि म्हणतात, तिथं तर काहीच नाही.

“गेनाऊ,” हेडविगबाई म्हणतात. “बसा खाली. तिथं काय होतं ते सांगते.”